मंगळवार सोडून

१

शनिवारची सकाळची शाळा म्हणजे बनुबाईच्या जिवाला घोर. साडेसातला घंटा, दहाला जेवणाची सुट्टी. दीडशे पोरांची खिचडी शिजवायला मधे उरतं काय? त्यात डिसेंबरातलं पाणी असं गार, की तांदळात हात घातला की बोटं आपली की शेजारणीची हेच कळू नये. बनुबाई थंडीच्या नावानं बोटं मोडत तांदूळ धूत होती, तेवढ्यात आठवीच्या वर्गातून पूजा मॅडमची किंकाळी आली.

साप निघाला असणार, असं धरून बनुबाई हातात झारा घेऊनच धावली. साप नव्हता. वर्गातलं लोखंडी कपाट सताड उघडं होतं आणि पूजा मॅडम त्याच्यासमोर खाली फरशीवर बसल्या होत्या.

"माझी फाईल गेली, बनुमावशी," त्या म्हणाल्या. "सगळी फाईलच गेली."

ही फाईल कसली, ते आधी सांगायला हवं. बोरजाईवाडी कवठे महांकाळपासून आठ किलोमीटर आत. योजनेचं पाणी आलं, माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, पण शाळेचं नाव काही तालुक्यापलीकडं गेलं नव्हतं. यंदा ते गेलं. पूजा मॅडमनी 'उमलू दे कळी' नावाचा एक उपक्रम केला होता. वर्गात जे मूल एकटं पडलंय, कुणाशी बोलत नाही, त्याला माणसांत आणायचं, असा तो उपक्रम. जिल्ह्यात त्याचा नंबर लागला आणि आज अकरा वाजता सांगलीहून समिती यायची होती. सगळ्या शाळेसमोर मॅडम अहवाल वाचून दाखवणार होत्या. तो हातानं लिहिलेला, फोटो चिकटवलेला, सह्या-शिक्क्यांचा अहवाल त्या फाईलमध्ये होता, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

हेडमास्तर लालासाहेब माने आले. त्यांच्या मागून क्लार्क दादासो आला. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली खडूच्या डब्यात असते आणि ते आठवीतल्या एकूण एक पोराला ठाऊक होतं.

"काल शाळा सुटल्यावर मागं कोण राहिलं होतं?" मान्यांनी विचारलं.

दादासोनं घसा खाकरला. "ती रेश्मा होती, सर. सहाच्या सुमाराला. ओट्यावर बसलेली."

मग कसला विचार आणि कसलं काय! "तिच्या आईला बागेतून बोलवून घ्या," माने म्हणाले. "समिती यायच्या आत फाईल निघाली तर ठीक. नाही निघाली तर पोरीचा दाखला लिहून ठेवा. आईला म्हणावं, स्वतःहून घेऊन जा."

दाराआड उभ्या असलेल्या बनुबाईच्या हातातून झारा निसटला आणि फरशीवर खणकन वाजला.

२

बनुबाईला कुणी शाळेतलं माणूस धरत नव्हतं. ती खिचडी करायची, मास्तरांना चहा द्यायची. पण बारा वर्षं पोरांच्या ताटात वाढून तिला एक विद्या आली होती. ताट बघून ती पोराच्या घरचं सांगायची. कुणाचा बाप पिऊन आलाय, कुणाची आई माहेरी गेलीय, कुणाला आज मार बसलाय, सगळं तिला वाढता वाढता कळायचं.

रेश्मा जूनमध्ये आली. बाप शिरवळच्या कारखान्यात होता, हायवेवर गाडीनं उडवला. आई लेकीला घेऊन माहेरी आली आणि दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जायला लागली. त्या दिवसापासून पोरीची दातखीळ बसली म्हणा ना. विचारलं तर मान हलवायची. लिंबाच्या झाडाखाली एकटी बसायची, चार घास खायची आणि बाकीचं कुत्र्याला घालायची. ते कुत्रं असं गुबगुबीत झालं होतं, की बनुबाई त्याला सरपंच म्हणायची.

दिवाळीनंतर मात्र बदल झाला. रोज वर्गातली एक नवी मुलगी रेश्माजवळ येऊन बसायला लागली. यायची, घास भराभर गिळायची आणि ताट उचलून पळायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. त्यात एकच कायमची होती, ती मळ्यातल्या चौगुल्यांची ब्राह्मी. ती रोज असायची, आणि जेवण झालं तरी हात वाळेपर्यंत बसून राहायची. रेश्माचं ताट तेव्हापासून पुसल्यासारखं लख्ख निघायला लागलं आणि सरपंच वाळला.

ब्राह्मी बनुबाईची लाडकी. जैनाघरची पोर, कांदा-लसूण चालत नाही, म्हणून फोडणीआधीच तिच्यापुरती खिचडी एका छोट्या पातेल्यात काढलेली असायची. घरी आज्जीचा नियम कडक. दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि सकाळी ऊन अंगणात आल्याशिवाय तोंडात काही नाही. म्हणून पाचला घंटा झाली, की पोर अर्ध्या तासाच्या वाटेवरच्या मळ्याकडं अशी पळत सुटायची, की मुलं चिडवायची, "पळ गं, सूर्य चालला!"

बनुबाईनं झारा उचलला. दाखला गेला की रेश्माची शाळा संपली, हे तिला दिसत होतं. तालुक्याच्या शाळेला जायला एसटी दिवसातून दोनदा, आणि पोरीला एकटीला आई पाठवायची नाही. उद्यापासून पोरगी आईबरोबर बागेत.

असंच एकदा झालं होतं. चार वर्षांपूर्वी ऋषिराज नावाच्या पोरानं वर्गाच्या काचा फोडल्या. बाप फौजेत, आई अंथरुणाला खिळलेली. पोरगं आतून जळत होतं, आणि ताट बघून बनुबाईला ते कळत होतं. पण बोलायचं कुणाला? ती बोलली नाही. शाळेनं त्याच्या हातात दाखला ठेवला. आता ते पोर शिरवळला धाब्यावर कपबशा विसळतं.

"तवा गप बसलीस, बने," ती स्वतःलाच म्हणाली. "आता बसलीस तर खिचडीत माती पडंल तुझ्या."

आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. हातात चहा असलेल्या बाईला कुठल्याच दारात कुणी अडवत नाही.

३

दादासो ऑफिसात कोरा दाखला पुढ्यात घेऊन बसला होता. पेनाचं टोपण अजून काढलेलं नव्हतं.

"घ्या दादासो, आलं घातलंय," बनुबाई म्हणाली. "काल तुमी कुठं हुता वो?"

"कुठं असणार? आठवीच्या दारासमोर खुर्ची टाकून. मॅडम साडेपाचच्या गाडीनं गेल्या. जाताना फाईल आत ठेवली, माझ्या डोळ्यादेखत कुलूप लावलं. मी काय हललो न्हाई."

"अजिबात?"

"सहाला टाकीची मोटर बंद करायला मागं गेलो. धा मिन्टं. आलो, गेटला कुलूप लावलं आणि घरला."

"म्हंजे फाईल त्या धा मिन्टांत गेली."

दादासोनं कप खाली ठेवला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "व्हय की."

"आणि रेश्मा?"

"मोटरीकडं जाताना ओट्यावर बघितली. आलो तवा गेलेली. संशय कशानं आला सांगू का? तिच्याजवळ दोन दप्तरं हुती, बनुमावशी! एक पाठीला, एक मांडीवर. एका पोरीला दोन दप्तरं कशाला लागतात? फाईल घालायलाच की!"

"तुमी मोटरीकडं जाताना दोन हुती?"

"व्हय."

"तवा फाईल कपाटात हुती. मग ते दुसरं दप्तर तिनं चोरीच्या आधीच फाईल घालायला घरनं आणलं का काय?"

बनुबाईनं कप उचलला. दोन दप्तरं, म्हणजे दोन पोरी. एक बाहेर बसलेली, एक आत गेलेली. पण ती दुसरी कोण?

दुसरा चहा वीरधवल सरांना. हे विज्ञानाचे मास्तर, आणि शाळाभर कुजबुज त्यांच्याच नावाची होती. त्यांचा सौरचुलीचा प्रकल्प मागं ठेवून मान्यांनी पूजा मॅडमचा पुढं पाठवला होता. फाईल गेल्याचं कुणाला बरं वाटणार, तर यांनाच.

"माझ्यावर संशय असंल तर स्पष्ट विचारा, मावशी," सर हसून म्हणाले. "काल चारलाच कबड्डीची पोरं घेऊन मी सांगलीला गेलो. रात्री आलो. बारा साक्षीदार आहेत आणि बाराही तुमची खिचडी खातात."

"मग तोंड का उतरलंय तुमचं?"

सरांनी दार लोटून घेतलं. "मी ती फाईल वाचली होती. चोरली नाही, पण चोरावी असं मनात आलं होतं. शेवटचं पान बघितलंय का तुम्ही? सहा मुली, सहा वार. सोमवारी ही रेश्माजवळ बसणार, मंगळवारी ती. बसली की त्या मुलीनं येऊन सांगायचं आणि मॅडमनी तिच्या नावापुढं लाल पेनानं खूण करायची. मी पूजाला म्हटलं, अगं, त्या पोरीला कळलं तर? ती म्हणाली, सर, पोरगी जेवायला लागली ना?"

बनुबाईच्या हातातला रिकामा ट्रे तसाच राहिला. तिच्या आज्जाच्या काळी गरिबाची पोरं शिकायला गावात राहायची आणि वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पोट भरायचं, पण कुठल्याच घरात ताट आपलं नसायचं. मॅडमनी मैत्रीलाच वार लावले होते!

"आणि आज हे सगळ्या शाळंसमोर वाचणार?" तिनं विचारलं.

"नावांसकट. त्या सहाजणींना काल मैदानात बोलवून तसं सांगितलंय. स्टेजवर गुलाब देणार आहेत एकेकीला."

४

रेश्माला ग्रंथालयाच्या खोलीत बसवलं होतं. बनुबाई गरम दूध घेऊन गेली. पोरीनं कपाला हातही लावला नाही.

"हे बघ माझ्या राजा," बनुबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "फाईल तू घेतली न्हाईस. मला ठाऊक हाय. न्हाई म्हण आणि मोकळी हो."

रेश्मानं वर बघितलं. डोळे काठोकाठ भरलेले. पण मान हलली नाही, हो नाही आणि नाहीही नाही.

"मग ते दुसरं दप्तर कुणाचं हुतं?"

हे विचारलं मात्र, पोरीनं ओठ असे घट्ट मिटले की पांढरे पडले. बनुबाईनं उभ्या आयुष्यात भ्यालेली पोरं पुष्कळ बघितली होती. भ्यालेलं पोर स्वतःला वाचवायला बघतं, पटकन दुसऱ्याचं नाव सांगतं. ही पोर भ्याली होती, पण कुणालातरी पाठीशी घालत होती.

बाहेर चपलांचा आवाज आला. रेश्माची आई बागेतून तशीच आली होती, हातातले कापडी मोजेसुद्धा न काढता. दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "काय केलंस गं बाई माझे?"

रेश्मानं आईकडं बघितलं आणि तोंड ओंजळीत लपवलं. बनुबाई उठली. तिला तिथं थांबवेना.

पावणेदहा झाले होते. सव्वा तासात समिती. आणि चूल वाट बघत होती.

५

चोर कितीही हुशार असो, दहा वाजता जेवायला येणारच, असं बनुबाईचं साधं गणित होतं. त्या सहाजणींवर तिनं डोळा ठेवला. काल गुलाबाची बातमी ऐकून ज्यांना आनंद झाला, त्या कशाला फाईल पळवतील? पळवणारी असेल ती, जिला ती बातमी ऐकून धास्ती वाटली.

सहातल्या पाचजणी नटूनथटून आल्या होत्या. एकीनं तर केसात अबोलीचा गजरा माळला होता. नेहमीसारखं वाढून घेतलं, नेहमीसारखं अर्धं टाकलं.

सहावी ब्राह्मी. तिनं ताट पुढं केलं. बनुबाईनं छोट्या पातेल्यातली खिचडी वाढली. पोर लिंबाखाली गेली, रेश्माची जागा रिकामी ठेवून शेजारी बसली. बनुबाई तिघा-चौघांना वाढते न वाढते, तोच ब्राह्मी परत पुढ्यात हजर.

"आणि थोडी, मावशी."

बनुबाईनं वाढली. तीन वर्षांत या पोरीनं दुसऱ्यांदा कधी मागितलं नव्हतं. चिमणीसारखी खाणारी पोर. आणि आज जरा वेळानं बघते तर तिसऱ्यांदा ताट पुढं, मान खाली. पातेलं खरवडून झालं.

"भूक लागली व्हय लय?"

"हं."

ती वळली, आणि तेव्हा बनुबाईला तिच्या पाठीवरचं दप्तर दिसलं. शनिवार म्हणजे बिनदप्तराचा वार. दीडशे पोरांत एकाच्याही पाठीवर दप्तर नव्हतं. आणि ही पोर जेवायला आली तरी दप्तर पाठीवरच, चांगलं दोन्ही पट्टे घट्ट ओढून.

बनुबाई झारा हातात धरून उभीच राहिली. काल दुपारी ब्राह्मीनं नीट खाल्लं होतं, म्हणजे उपास नव्हता. आजारी पोर तीन ताटं खात नाही. मग चोवीस तासांत एवढी भूक आली कुठून? संध्याकाळचं जेवण चुकलं असलं तरच. आणि त्या घरात संध्याकाळचं जेवण एकाच कारणानं चुकतं. सहापर्यंत शाळेत थांबलं, की मळ्यात पोचेपर्यंत दिवस मावळतो. आज शाळा सकाळची, घरातून निघताना ऊन अंगणात आलेलं नसणार. म्हणजे काल दुपारपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"अगं माझे बाई," बनुबाई पुटपुटली.

आता मोठा पेच पडला. रेश्माला वाचवायचं तर ब्राह्मीचं नाव घ्यायचं. ब्राह्मीचं नाव घेतलं, की फाईल का चोरली हेही निघणार, आणि ज्या गोष्टीसाठी पोरीनं उपाशीपोटी चोरी केली, तीच रेश्माच्या कानावर पडणार. वाचवायचं कुणाला आणि मारायचं कुणाला?

ऑफिसातून दादासोनं तिला हाक मारली. मान्यांनी दाखल्यावर सही करायला पेन मागितलं होतं.

६

ऑफिसात गर्दी होती. माने खुर्चीत, पूजा मॅडम भिंतीला टेकून, वीरधवल सर दारात. रेश्मा आईचा पदर धरून उभी. बनुबाई आत शिरली ती ब्राह्मीला हाताला धरूनच. वाटेत तिनं पोरीला एवढंच विचारलं होतं, "तू बोलतीस का मी बोलू?" आणि पोर रडायला लागली होती.

"सर, सही करू नगा," बनुबाई म्हणाली.

"मावशी, तुम्ही यात पडू नका."

"मी पडतेच. चार वर्सांमागं पडले न्हाई, त्याचं खातंय अजून मला." तिचा आवाज चढला. "तुमी सगळी चोर कोण ते बघताय. आवं, आधी चोरलं कशापायी ते बघा की! फाईल कुणाला नको हुती? वीरधवल सर सांगलीला हुते. रेश्मानं घेतली म्हणता, तर दादासो मोटरीकडं निघाले तवाच तिच्या मांडीवर दुसरं दप्तर हुतं. ते सांभाळायला दिलेलं. आत गेली ती दुसरीच. ती काल दिवस मावळंपर्यंत हितंच हुती, म्हणून घरी जाऊन जेवली न्हाई. जेवली न्हाई म्हणून आज माझं पातेलं खरवडून खाल्लं. आणि आज शनवारचं पाठीवर दप्तर घेऊन आलीय."

ब्राह्मीनं स्वतःच दप्तर उतरवलं. स्वेटरात गुंडाळलेली जाड फाईल तिनं टेबलावर ठेवली.

"मी सकाळी परत ठेवणार हुते," ती हुंदके देत म्हणाली. "खरंच, सर. काल घाईत अख्खी उचलली, मला फक्त एक पान पाहिजे हुतं. शेवटचं. पण मॅडम आधीच आल्या आणि गलका झाला."

"कुठलं पान?" मान्यांनी विचारलं.

ब्राह्मीनं रेश्माकडं बघितलं आणि तोंड मिटलं. आता दोघी पोरी तोंड मिटून समोरासमोर उभ्या. पूजा मॅडमनी फाईल उघडून शेवटचं पान शोधलं. ते नव्हतं. त्यांना सगळं उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी वाईट हेतूनं नव्हतं केलं गं," त्या रेश्माला म्हणाल्या. "तू उपाशी राहायचीस, मला घरी जाऊन घास उतरत नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही." आणि त्यांना रडू फुटलं. बनुबाईला त्यांचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. इतके महिने या बाईनंच तर त्या पोरीकडं बघितलं होतं. बाकीच्यांनी कुठं बघितलं होतं?

आणि तेव्हा एक आवाज आला. एवढा बारीक, की कुणाचा ते कळायलाच वेळ लागला.

"मला म्हाईत हाय ते."

रेश्मा बोलली होती. आईनं दचकून लेकीकडं बघितलं.

"पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय," रेश्मा म्हणाली. "खिडकीतनं दिसायचं. मुली हात धुऊन पळत जायच्या आणि म्हणायच्या, मॅडम, आज बसले. मग तुमी खूण करायचा."

"अगं, मग बोलली का नाहीस?" माने म्हणाले. त्यांचा आवाज आता हेडमास्तराचा राहिला नव्हता.

"कुणी विचारलंच न्हाई." तिनं नाक ओढलं. "सोमवारची आली की मला कळायचं, ही उठंल आता. लय वाईट वाटायचं. पण मग ब्राह्मी यायची. तिचा वार मंगळवार. मंगळवारी आली तर तिच्या नावापुढं खूण व्हायची. पण ती बुधवारी यायची. गुरवारी, शुक्रवारी, शनवारी यायची, सोमवारीपण. तवा तिला कोण खूण करत न्हवतं." ती ब्राह्मीकडं वळली. "मंगळवार सोडून मी सगळे दिवस मोजलेत. सत्तावीस झाले."

ब्राह्मीनं दोन्ही हातांनी डोळे पुसले. "मग काल तुला कळलं हुतं, मी आत कशाला गेले ते?"

"काल न्हाई. सकाळी कळलं, फाईल गेली म्हणल्यावर."

"आणि तू बोलली न्हाईस? दाखला मिळाला असता तुला!"

"तुला मिळाला असता की मग," रेश्मा म्हणाली.

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. बाहेर गेटाशी गाडीचा हॉर्न वाजला. समिती आली होती. लालासाहेब मान्यांनी समोरचा दाखला दोन बोटांनी सरकवला, जणू तो तापलेला तवा होता.

"दादासो," ते म्हणाले, "यावर रद्द मारा. आणि रजिस्टरला नोंद करू नका."

"नोंद केलीच न्हाई सर," दादासो म्हणाला. "पेन चालत नव्हतं माझं."

पूजा मॅडमनी फाईल कपाटात ठेवली आणि त्या मोकळ्या हातानं समितीसमोर गेल्या. अहवाल वाचला नाही. उपक्रम फसला, म्हणाल्या, आणि जिच्यासाठी केला तिलाच आपण काही विचारलं नाही, म्हणाल्या. शाळेचा नंबर गेला तो गेलाच. दुपारी बनुबाईनं त्यांना चहा नेला, तर वीरधवल सर आधीच कप घेऊन त्यांच्यासमोर बसलेले.

"बनुमावशी," मॅडम म्हणाल्या, "मला ताटं बघायला शिकवाल?"

"वाढायला या की," बनुबाई म्हणाली. "आपोआप येतंय."

७

सोमवारी पूजा मॅडम पदर खोचून वाढायला आल्या आणि पहिल्याच झटक्याला हात पोळून घेतला. सहा वारांचा नियम मोडला होता. पाचजणी मोकळ्या झाल्या आणि आपापल्या टोळक्यात गेल्या. त्यातली गजरेवाली मात्र लिंबाजवळून दोनदा उगीचच फिरून गेली. ब्राह्मी रेश्माजवळ बसली, नेहमीसारखी.

मंगळवार उजाडला. दुपारची सुट्टी झाली, ताटं घेतली गेली, आणि बनुबाईच्या लक्षात आलं, की लिंबाखाली रेश्मा एकटीच आहे. ब्राह्मी पार तिकडं, हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसली होती. ताटात बोट फिरवत, मान खाली घालून.

बनुबाई झारा टाकून हौदाकडं गेली. "काय गं? भांडलासा का काय?"

"न्हाई मावशी," ब्राह्मी हळूच म्हणाली. "आज मंगळवार. आज बसले, तर तिला वाटंल, वार म्हणून बसले."

आता या पोरीला काय म्हणावं! बनुबाई काही बोलणार, एवढ्यात मागं गलका थांबल्यासारखा झाला, म्हणून तिनं वळून बघितलं.

रेश्मा उठली होती. सहा महिन्यांत ती जेवताना त्या झाडाखालून उठून कुणाकडं गेली नव्हती. लोक यायचे, लोक जायचे, ती तिथंच. आज ती दोन्ही हातांत ताट धरून, दीडशे पोरांच्या पंगतींमधून वाट काढत, सगळं मैदान ओलांडून येत होती. कुणाचा पाय आडवा आला तर थांबायची आणि पुढं निघायची. सरपंच शेपूट हलवत मागून चालला होता.

ती हौदाशी आली आणि ब्राह्मीसमोर उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली. "आज माझा वार."

ब्राह्मी सरकली. बनुबाई डोळे पुसत चुलीकडं गेली, छोटं पातेलं घेऊन आली आणि दोघींना त्यातलंच वाढलं.